रिपोर्टमधले लाल आकडे आणि हळदीचं पाणी

शरीरातल्या दीर्घकाळच्या दाहाविषयी, म्हणजे हल्ली सगळे ज्याला 'इन्फ्लमेशन' म्हणतात त्याविषयी, प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. आलेल्या निम्म्याहून अधिक पत्रांत हळद आहे. दातांबद्दल कुणीच विचारलेलं नाही, त्यामुळे तो विषय मीच काढणार आहे. जागेअभावी पाचच पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राला बरीच जागा गेली, कारण असे रिपोर्ट हातात घेऊन दवाखान्यात रोज कुणी ना कुणी येतंच.

प्रश्न : माझं वय ५२, राहायला कोथरूडला, बँकेत नोकरी. ऑफिसतर्फे फुल बॉडी चेकअप झालं. त्यात एचएस-सीआरपी ४.६ आणि ईएसआर २८ आला, दोन्ही लाल अक्षरांत. बीपीची गोळी चालू आहे. वजन ६१ किलो, म्हणजे जाड म्हणता येणार नाही. ब्रश करताना हिरड्यांतून थोडं रक्त येतं, पण ते कित्येक वर्षं येतंय. रात्री झोपायला साडेबारा होतात, पहाटे साडेपाचला उठावं लागतं. लेकीने मोबाइलवर बघून माझा गहू, दूध, टोमॅटो, वांगी, बटाटा सगळं बंद केलंय. सकाळी अनशापोटी हळद-मिरीचं पाणी आणि वर ॲपल सायडर व्हिनेगर. महिना झाला, नुसती चिडचिड वाढली आहे. औषध न घेता हा आकडा खाली कसा आणू?

उत्तर : ताई, आधी टोमॅटो सुरू करा. वांगी, बटाटा, पोळी, दूध, सगळंच. टोमॅटो-वांग्यांनी दाह वाढतो याला धड पुरावा नाही. सीलिॲक रोग (गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडण्याचा आजार) किंवा गव्हाची ॲलर्जी नसेल तर गव्हानेही तुमचं काही बिघडवलेलं नाही. व्हिनेगर मात्र आजच बंद. रोज सकाळी आम्ल प्यायल्याने दातांवरचं कवच झिजतं, आणि तुमच्या तोंडात आधीच एक भानगड आहे. तिच्याकडे येतेच.

आता आकडे. ईएसआर म्हणजे रक्तातल्या लाल पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात ते, दाह असला की हा वेग वाढतो. पण तो वयानुसारही वाढतो. बायकांसाठी ढोबळ हिशेब असा : वयात १० मिळवायचे आणि निम्मे करायचे. तुमची मर्यादा ३१ येते. म्हणजे २८ आतच आहे. लॅबचा संगणक पंचविशीतल्या मुलीला आणि तुम्हाला एकच रेषा लावतो आणि त्यापलीकडचं सगळं लाल छापतो. ॲनिमिया असला तरी ईएसआर वाढतो, तेव्हा हिमोग्लोबिनचा आकडा त्याच कागदावर बघून घ्या.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं. शरीरात कुठेतरी दाह चालू आहे एवढंच ते सांगतं, कुठे ते सांगत नाही. एचएस-सीआरपी, म्हणजे त्याचीच अधिक बारीक मोजणी, लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असेल तर हृदयविकाराचा धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त, असं मानतात. १० च्या वर गेला तर हृदयाचं बाजूला ठेवून आधी जंतुसंसर्ग वगैरे शोधायचा. साधी सर्दी, ठणकणारी दाढ, नुकतीच घेतलेली लस, एवढ्यानेही तो वर जातो. म्हणून दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नसतो. तुमची तपासणी एकदाच झाली आहे. त्या आठवड्यात घसा दुखत होता का, हे तरी कुणी विचारलं?

तरीही दुसऱ्यांदा ४ च्या आसपासच आला असं धरून चालू या.

बोट कापलं की लाली, गरमपणा, सूज आणि वेदना येते. रोममधल्या सेल्ससने ही चार लक्षणं पहिल्या शतकात लिहून ठेवली आहेत. पांढऱ्या पेशी येतात, जंतू मारतात, मोडतोड साफ करतात आणि आठ-दहा दिवसांत आवराआवर होते. दीर्घकाळच्या दाहात ही आवराआवरच होत नाही. विसर्जन होऊन गेलं तरी मांडव रस्त्यातच उभा, तशी गत. ना ताप, ना दुखणं, पण त्याच पेशी रक्तवाहिन्यांच्या अस्तराला त्रास देत राहतात आणि इन्शुलिनचं काम अडवतात.

यामागे बहुतेक वेळा असतं पोट. तुम्ही वजन लिहिलंत, कमरेचा घेर लिहिला नाहीत. पोटातली, आतड्यांभोवतीची चरबी नुसती साठून राहत नाही, ती दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडते. आणि आपल्याकडे ती सडपातळ दिसणाऱ्यांतही असते. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे वर्षानुवर्षं अभ्यासलं आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन यडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. अंगातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! तेव्हा '६१ किलो म्हणजे जाड नाही' या समाधानावर राहू नका. टेप घ्या, श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा. आपल्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० च्या वर म्हणजे जास्त. वजन जास्त असेल तर ते थोडं जरी उतरलं तरी सीआरपी उतरतो. मी सांगतेय त्या सगळ्या उपायांत हा सर्वांत भक्कम आहे, आणि दुर्दैवाने तो बाटलीत मिळत नाही.

दुसरी गोष्ट हिरड्या. 'कित्येक वर्षं येतंय' म्हणून तुम्ही ते एका ओळीत उरकलंत. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. निरोगी हिरडीतून ब्रश करताना रक्त येत नाही. दातांच्या मुळांभोवती जंतूंचा थर साचून हिरड्या रोज थोड्याथोड्या सुजत असतील, तर तो चोवीस तास चालणारा दाहच झाला. हिरड्यांच्या आजारावर नीट उपचार केले की सीआरपी कमी होतो, हे अभ्यासांत दिसलं आहे. पुण्यात चौकाचौकात दंतवैद्य आहेत. स्केलिंग, म्हणजे दातांवर साचलेला थर खरवडून काढणं, करून घ्या, खोलवर साफ करायला सांगितलं तर तेही करा. एकदा चूळ भरताना बरं वाटलं म्हणून पुढची तारीख चुकवू नका.

झोप पाच तास. यावर मी काय बोलू? मालिका दुसऱ्या दिवशी मोबाइलवर बघता येतात.

जेवणाबद्दल मात्र लेकीला माझा निरोप द्या. दाह कमी करणारं जेवण परदेशातून आणावं लागत नाही. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, एखादी पालेभाजी, काकडीची कोशिंबीर, ताक, हे त्यातलंच. यातला चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातले जीवाणू खातात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. ती आतड्याचं अस्तर धड ठेवतात आणि दाहाला आवर घालतात. जवसाची चटणी जरूर खा, पण जवस भाजून बारीक कुटलेले हवेत, अख्खे गिळले तर जसेच्या तसे बाहेर पडतात. त्यातलं ओमेगा-३ वनस्पतीचं असतं, शरीर त्यातलं थोडंच आपल्या कामाच्या रूपात बदलू शकतं. मासे खात असाल तर बांगडा आणि तारली यांत ते तयारच मिळतं. सुरमईच हवी असं काही नाही, खिशालाही बरं.

खरा घोळ जेवणात नसून चार वाजताच्या चहात आहे. बँकेत त्या वेळी काय येतं ते मला माहीत आहे : खारी, क्रीमची बिस्किटं, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. बाकरवडीला माझा विरोध नाही, ती टेबलाच्या ड्रॉवरमध्ये कायमची मुक्कामाला असण्याला आहे. मूठभर शेंगदाणे-फुटाणे आणि एक पेरू न्या.

आणि चाला. एआरएआयची टेकडी तुमच्या हाताशी आहे. आठवड्याला दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. काम करणारा स्नायू स्वतःच अशी रसायनं सोडतो की त्यांनी दाह आवरतो. पोट फारसं उतरलं नाही तरी चालण्याचा हा फायदा मिळतोच.

हा आकडा उतरवायचं औषध नाही का, असं काहीजण विचारतात. आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या दहा हजारांवर रुग्णांत निव्वळ दाह कमी करणारं इंजेक्शन तपासून पाहिलं. कोलेस्टेरॉल होतं तिथेच राहिलं, पण हृदयविकाराचे पुढचे झटके सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. दाह हा नुसता साक्षीदार नाही, गुन्ह्यात त्याचाही हात आहे हे त्यातून कळलं. त्याचबरोबर जीवघेण्या जंतुसंसर्गाचं प्रमाणही वाढलं. दाह हे शरीराचं संरक्षणच आहे, तो मुळापासून उखडून चालत नाही. तुमच्यासारखीसाठी ते इंजेक्शन नाहीच. तीन महिन्यांनी, सर्दी-खोकला नसलेल्या आठवड्यात पुन्हा तपासा. तोवर एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि कोलेस्टेरॉल बघून घ्या. बीपी असलेल्या बाईसाठी मला त्यांची काळजी सीआरपीपेक्षा जास्त वाटते. आणि बीपीची गोळी बंद करू नका, तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगते.

प्रश्न : मी निवृत्त अभियंता, वय ७४, एरंडवणे. अमेरिकेने घेतलेलं हळदीचं पेटंट आपण लढून रद्द करवलं. म्हणजे हळदीचे औषधी गुण अमेरिकेलाही मान्य करावे लागले. मग तुम्ही डॉक्टर मंडळी हळदीला नाकं का मुरडता? मी करक्युमिनच्या कॅप्सूल घेतो. रक्त पातळ ठेवायची गोळीही चालू आहे.

उत्तर : काका, लढाई खरी आणि अभिमानाचीच. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर, आपल्या पाषाणच्या एनसीएलचे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे) माजी संचालक, तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेचे महासंचालक होते. सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली पेटंट रद्द झालं. पण कशावर? हा उपयोग भारतात आधीपासून माहीत आणि छापलेला आहे, त्यात नवं काही नाही, या मुद्द्यावर. हळद किती गुणकारी आहे हा प्रश्न त्या निकालात नव्हताच. तुम्ही अभियंता आहात, हा फरक तुम्हाला मी समजावून सांगायला नको.

हळदीत करक्युमिन असतं साधारण ३ टक्के. चमचाभर हळदीत जेमतेम १०० मिलिग्रॅम, आणि चाचण्यांत दिवसाला ५०० ते १५०० मिलिग्रॅम देतात. तेही आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. मिरीतल्या पायपरिनबरोबर दिलं तर रक्तातलं प्रमाण वीसपट वाढतं, असं बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं. तेव्हापासून बऱ्याच कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क आला. गुडघ्याच्या झिजेत अशा कॅप्सूलनी दुखणं काहीसं कमी होतं, हे मला मान्य आहे.

पण तेच पायपरिन इतर औषधांचं शोषणही वाढवतं. जास्त मात्रेच्या करक्युमिनमुळे यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदले गेले आहेत. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर ते घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. तुमच्यासाठी माझं उत्तर स्वच्छ 'नको' असं आहे. बाटली घेऊन तुमच्या हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा. आमटीतली हळद चालू द्या. ती राजापुरी हळकुंडं आणून घरी किंवा डोळ्यांदेखत दळलेली असेल तर उत्तम, कारण सुट्या हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून शिशाचं क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं झाली आहेत. नाकं मी मुरडत नाही हो. माझ्या वरणातही ती असतेच.

प्रश्न : मी ३४ वर्षांची, पिंपळे सौदागर. सहा महिन्यांपूर्वी बोटं सुजायला लागली, सकाळी तासभर मूठ वळायची नाही. संधिवात निघाला (आरए), मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घेते, बराच आराम आहे. सासूबाई म्हणतात, 'त्या कॅन्सरच्या गोळ्या बंद कर आणि गुळवेलीचा काढा घे, आमच्या भोरला सगळे घेतात.' त्या मनापासून करतात, रोज काढा उकळून समोर ठेवतात. घरात वाद नको. आम्ही दुसऱ्या बाळाचाही विचार करतोय.

उत्तर : काढा घेऊ नका. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण बाकीचं वाचायच्या आत आजचा पेला समोर आलेला असेल.

तुमच्या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटली आहे. गुळवेल प्रतिकारशक्ती 'वाढवण्यासाठी' घेतात. म्हणजे जे आवरायचं आहे त्यालाच चेव आणायचा. कोविडच्या काळात गुळवेल घेऊन यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी असं म्हटलं. वाद कुणीही जिंको, मेथोट्रेक्सेटमुळे यकृताच्या तपासण्या आधीच चालू असलेल्या बाईने हा धोका का घ्यावा?

मेथोट्रेक्सेट कॅन्सरमध्ये वापरतात हे खरं, पण तिथे मात्रा कितीतरी पट मोठी असते. तुमची मात्रा आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायची, वार ठरलेला हवा आणि कॅलेंडरवर लिहिलेला हवा. ती चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. फॉलिक ॲसिड सांगितल्याप्रमाणे घ्या. आरएत सांध्यांचं कायमचं नुकसान पहिल्या काही वर्षांतच सुरू होतं, त्यामुळे आत्ता मिळालेला आराम हातचा घालवू नका.

आणि बाळाबद्दल : ही गोळी चालू असताना दिवस राहता कामा नयेत, गर्भाला ती घातक आहे. म्हणून स्वतःहून बंद करू नका आणि स्वतःहून प्रयत्नही सुरू करू नका. संधिवाततज्ज्ञाला आजच सांगा, ते गरोदरपणात चालणारी औषधं बसवून देतील आणि किती महिने थांबायचं तेही सांगतील. ती भेट होईपर्यंत गर्भनिरोधन चालू ठेवा.

तुमचा आजार दुर्मीळ नाही. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ साली भिगवणमध्ये घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. तिथे आरएचं प्रमाण हजारी पाचच्या आसपास निघालं. तेव्हा 'आमच्या गावाला असलं काही नव्हतं' असं कुणी म्हणालं तर, होतं, फक्त त्याला नाव नव्हतं आणि बोटं वाकडी झालेल्या आजी ओसरीवर बसलेल्या असायच्या.

सासूबाईंना पुढच्या भेटीला बरोबर न्या. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरने सांगितलेलं यात फरक पडतो, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. त्यांना काही करायचंच असेल तर सकाळी कोमट पाण्याचं घमेलं भरून द्यायला सांगा. त्यात दहा मिनिटं हात बुडवून बोटं हलवली की ताठरपणा लवकर सुटतो. आणि एक विचारते : भोरकडच्या त्यांच्या वयाच्या बायका मिश्री लावतात, त्याही लावतात का? लावत असतील तर त्यांच्या हिरड्या आणि तोंड तपासायची वेळ झाली आहे. त्याच भेटीत उरकेल.

प्रश्न : वय ६१, धनकवडी. चिकुनगुनिया होऊन पाच महिने झाले, घोटे आणि मनगटं अजून धरलेली. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणतो, रोज एक-दोन लागतात. ओळखीच्या एकाने वैदूकडची पुडी दिली, दोन दिवसांत जादू झाली. ती चालू ठेवू का? निर्गुडीचा शेक घेतला तर चालेल?

उत्तर : जादू झाली म्हणूनच मला शंका आहे. पाच महिन्यांचं दुखणं दोन दिवसांत गायब करणाऱ्या पुडीत बहुधा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. भूक वाढली, चेहरा गोल दिसायला लागला, साखर चढली, तर खात्रीच समजा. पुडी किती दिवस घेतली ते डॉक्टरांना सांगा. बरेच आठवडे घेतली असेल तर एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, ती हळूहळू उतरवावी लागते.

मेडिकलमधल्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्याने किडनी आणि जठर दोन्ही बिघडतात. किडनीचं काम कळण्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात चिकुनगुनियाची मोठी साथ येऊन गेली, तेव्हा तुमच्यासारखे कितीतरी जण पाहिले. बहुतेकांचे सांधे काही महिन्यांत मोकळे होतात. पण तीन महिन्यांनंतरही नुसतं दुखणं नाही तर सूज असेल, तर संधिवाततज्ज्ञ गाठायचा, तुमची ती वेळ आलेली आहे.

निर्गुडीचा पाला गरम करून खुशाल शेका, बरं वाटतं आणि कुणाचं नुकसान होत नाही. कातडी भाजू नका म्हणजे झालं. सांधे दिवसातून तीन-चारदा हळूहळू पूर्ण फिरवा. आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी आठवड्याला ओता, शेजाऱ्यांच्याही.

प्रश्न : उपवासाने दाह कमी होतो असं वाचलं. मी दर एकादशी आणि चतुर्थी करते. मला डायबेटिस आहे, वय ५८, सिंहगड रस्ता. फायदा होत असेल ना?

उत्तर : कमी खाऊन वजन उतरलं तर फायदा होतो. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर वेफर्स आणि संध्याकाळी शिंगाड्याचा शिरा, याला तुम्ही उपवास म्हणा, तुमची साखर म्हणणार नाही. करायचाच तर वरई मोजकी, त्याबरोबर दाण्याची आमटी, काकडी, ताक आणि एखादं फळ घ्या. डायबेटिससाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन असेल तर उपाशी राहिल्याने साखर एकदम खाली जाऊ शकते. चतुर्थीला चंद्रोदयापर्यंत थांबायच्या आधी त्या दिवसाची मात्रा तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. घाम फुटला, हात थरथरले तर चंद्राची वाट न बघता तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या.